सतरा नंबर

पहाटे तीनला ताराराणी चौकात
कधी नव्हे तो सिग्नल चालू होता, आणि लाल.
"थांब," मी म्हणालो.
दस्तगीरनं गाडी थांबवली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.
"कोण येणार हाय काय सायेब?"
"कोण नाही."
"मग?"
मागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या डुलवत,
आमच्या शेजारी क्षणभर रेंगाळला.
चालकानं मान बाहेर काढली :
"बंद पडली व्हय? ढकलू काय?"

अकरा दिवसांत भेटलेला हा पहिला माणूस
जो ओळखपाळख नसताना
मला ढकलायला तयार होता.

तिकडं सगळे थांबतात.
रिकाम्या रस्त्याच्या कडेला एक म्हातारी
कुत्र्यासकट भिजत उभी होती
दिवा हिरवा होईस्तोवर. कुत्रंसुद्धा खाली बसलेलं.
मी निम्मा रस्ता गेलेला, तो मुकाट मागं आलो,
कॉपी करताना सापडल्यासारखा.

पाणी मागितलं, तर म्हणाले,
बुडबुड्यांचं की बिनबुडबुड्यांचं?
पाण्यात भेद असतो हे आम्हाला कुणी शिकवायला नको.
पण हा भेद निदान
पिणाऱ्याला विचारून होता.

जेवण झाल्यावर तिघांनी तीन पाकिटं काढली,
आपापलं आपापलं मोजलं.
आमच्यात बिलासाठी मनगटं धरतात,
वेटरच्या खिशात नोटा कोंबतात, आईची शप्पथ घालतात.
माझा हात सवयीनं पुढं गेला
आणि टेबलाच्या मधोमध अडकला.
मग त्यानं मिठाची बाटली उगाच सरकवली.

हे सगळं मी दस्तगीरला पुण्यापासून सांगत आलो.
एवढं एक सांगितलं नाही :

ज्या कामाला गेलो होतो, ते काम
पांढऱ्या कापडावर ठेवलेलं होतं, दिव्याखाली.
आमच्या शिरोलीचं, नापास झालेलं पंपाचं आवरण.
इथं असला माल आम्ही शेडमागं घाणेरीत फेकतो.
तिथं त्याला दवाखान्यातल्या माणसासारखं जपत होते.
हेलविग नावाच्या बाईंनी हातमोजे चढवले,
हळूच ते पालथं केलं.
आतल्या अंगाला, जिथं कुणाची नजर जात नाही,
वाळूवर दाबलेला एक अंगठा
लोखंडात उतरला होता. भोवऱ्यासकट.
शेजारी नंबर : सतरा.

"सतरा कोण?" बाईंनी विचारलं.

मी तयारी केली होती पोकळीची, टक्केवारीची,
माफीची तर तीन तऱ्हांनी.
नावाची नव्हती.
"सत्ताप्पा," मी म्हणालो.
त्यांनी दोनदा म्हणून बघितलं.
दुसऱ्यांदा 'त्त' जवळजवळ जमला.
फायलीत लिहून घेतलं, आणि पेन तसंच धरून
आडनाव विचारलं.

चौदा वर्षं त्याचा पगार माझ्या सहीनं निघतो.
खिडकीबाहेर बर्फ पडत होता, ज्याच्यासाठी मी
घरी फोटो काढून आणायचं कबूल केलं होतं.
मी बर्फाकडं बघत राहिलो.

सकाळी शिरोलीत भट्टी लागलेली.
तो खाली बसून कोअर घासत होता.
"काय म्हणाले वो तिकडचे?"
काय सांगणार. सहा टन माल परत येतोय.
"तुझा अंगठा बघितला त्यांनी," म्हणालो.
त्यानं हात बघितला,
विजारीला पुसला,
परत बघितला.
"बरं, जेवलासा का तिकडं नीट?"

अकरा दिवस ज्याची वाट बघत होतो तो प्रश्न
आला, तर मला उत्तर सुचेना.
"तुझं आडनाव काय रे?" मी विचारलं.

त्याला वाटलं, चेष्टा करतोय. हसला.
मग सांगितलं.
तेवढ्यात भट्टीतनं रस ओतायला घेतला
आणि त्या घोंगाटात
काही ऐकू आलं नाही.

मी जवळ गेलो. पुन्हा विचारलं.